‘पाभर’चा शेवटचा नियम

पुणतांबा,
मार्गशीर्ष

प्रिय निवेदिता,

इतक्या वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. भिंगारला आपल्या दोघींच्या घरांमध्ये एक पिठाची गिरणी आणि एक बोळ, एवढंच काय ते अंतर. तुझ्या कुकरची शिट्टी माझ्या ओट्यापर्यंत ऐकू यायची. आता फोन आहे, आणि दर रविवारी तू तो न चुकता करतेस. पण फोनवर मी ‘बरं आहे गं’ म्हणते आणि तूही पुढे खोदून विचारत नाहीस. फोन मी बाहेरच्या खोलीत घेते आणि हे तिथेच खुर्चीत बसलेले असतात, हे तुला ठाऊक असतं. बसलेल्या माणसासमोर त्याच्या दुखण्याच्या गोष्टी करायच्या नाहीत हा तुझा शहाणपणा. म्हणून आज पत्र. त्याला आणखीही एक कारण आहे. ते ओघाने येईलच.

आधी खुशाली. इथे येऊन आम्हाला वर्ष होत आलं. ह्यांच्या चुलत्यांच्या जागेवरचं दोन खोल्यांचं साधं सिमेंटचं घर, स्टेशनच्या अलीकडे. जिना नाही, उंबरा जवळजवळ नाही, एवढ्यासाठीच भिंगारचा दुसरा मजला सोडला. सध्या पेरू जोरात आहे. सकाळी रस्त्याने टेम्पो जातात तेव्हा सगळी आळी गोड वासाने भरून जाते. शेजारी गोरक्ष म्हणून आहे, स्वतःची पेरूची बाग असलेला. शाळेत कधी ह्यांचा विद्यार्थी नव्हता, तरी ‘सर’ म्हणतो. संध्याकाळी काम आटोपलं की येतो, ह्यांच्या काखेत हात घालतो आणि नदीच्या घाटापर्यंत फिरवून आणतो. पण विचारायचं काही असलं की माझ्याकडे वळतो. “काकू, सरांना आज बरं हाय ना? लई दमल्यागत दिसत्यात.” सर त्याच्या हाताला धरून उभे असतात आणि प्रश्न त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे येतो. त्याचं चुकतं असं नाही. मीही इतके दिवस तशीच उत्तरं देत आले.

तू गणपतीत येऊन गेलीस तेव्हा ह्यांच्या तोंडी शब्द नव्हताच. अर्धांगवायूने उजवा हात नेला आणि बोलणं नेलं. त्यानंतर महिन्याभराने, एका सकाळी चहाचा कप पुढे केला तर म्हणाले, “बरोबर.” स्पष्ट, खणखणीत, वर्गात म्हणायचे तसं. मी कप तसाच ठेवून देवापाशी जाऊन रडले. मला वाटलं, आता एकामागून एक शब्द परत येतील. राहात्याच्या डॉक्टरबाईंनी नंतर समजावलं की अशा आजारात कधी कधी एकच शब्द हाती लागतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो. तसंच झालं. पाणी हवं, तर बरोबर. पंखा बंद कर, बरोबर. पाय दुखतोय, बरोबर. चिडले, तरी बरोबरच. फक्त जरा वरच्या पट्टीत. मुलांच्या वह्यांवर हा शब्द लिहिताना ज्यांचा हात नेहमी आखडायचा, एखाद्या निबंधाला ह्यांचं ‘बरोबर’ मिळालं की पोरं पेढे वाटायची, त्या माणसाकडे आता उठता-बसता दुसरं काही नाही. समजतं मात्र सगळं. डोळे अगदी तेच आहेत, चूक हुडकणारे.

परवा सामान लावताना ‘पाभर’चे जुने अंक निघाले. पहिला अंक किती बिघडला होता, आठवतं? मुखपृष्ठावर पाभरीचं चित्र उलटं छापलं होतं आणि एका शेतकऱ्याने कार्डावर कळवलं होतं की अशा पाभरीने पेरलं तर बी आभाळात जाईल. तू शाळेत नवीन लागली होतीस. ह्यांच्याहून कितीतरी लहान, आणि पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये म्हणालीस म्हणे, की नगर जिल्ह्यातली माणसं लिहितात पुष्कळ, पण ते छापायला पुण्याकडे तोंड करून बसतात. आपण इथेच त्रैमासिक काढू. हे घरी येऊन म्हणाले, “एक वेडी बाई आलीय शाळेत.” आणि रात्रीच्या जेवणाआधी ते स्वतः त्या वेडात सामील झाले होते. पुढे तुमचं संपादक मंडळ म्हणजे तुम्ही दोघं, आणि कार्यालय म्हणजे माझं जेवणाचं टेबल. मी पोहे द्यायचे आणि ऐकायचे. वाचक म्हणून मला मत द्यायचा हक्क होता, संपादक म्हणून नव्हता. ते फार बरं होतं. भांडणात कुणाची बाजू घ्यावी लागायची नाही.

आणि ती भांडणं! अंकाच्या शेवटच्या पानावर ‘लेखकांसाठी सूचना’ म्हणून जे काही छापून यायचं, त्यातली ओळन् ओळ त्या टेबलावर भांडून मिळवलेली आहे. ह्यांचे नियम ऱ्हस्व-दीर्घाचे आणि विरामचिन्हांचे. उद्गारचिन्ह एका लेखात एकदाच, तेही गरज सिद्ध करून, हा ह्यांचा. (वर मी एक वापरलं आहे. ह्यांना दाखवणार नाही.) तो केला कारण भिंगारच्याच एका निवृत्त सुभेदारांनी काश्मीरचं प्रवासवर्णन पाठवलं होतं आणि त्यात प्रत्येक डोंगरापुढे एकेक उद्गारचिन्ह उभं होतं, संगिनी रोखल्यासारखं. तुझे नियम वेगळ्या जातीचे. कथेवर लेखकाचं नाव नको, ते वेगळ्या कागदावर पाठवा. फोटो नको. कुणा मोठ्या माणसाची शिफारस नको. एका बड्या कवींनी एका कवितेसोबत पुरस्कारांची दोन पानी यादी जोडली होती. त्यांना तू उत्तर पाठवलंस की यादी वाचण्यात वेळ गेला, कविता वाचायची राहिली, तरी कृपया कविता तेवढी पुन्हा पाठवावी. त्यांनी ती पाठवली, निवेदिता, आणि तू ती छापलीस, कारण ती चांगली होती. मला तेव्हा तुझ्याविषयी जे वाटलं ते मी कधी बोलले नाही. रागाने केलेलं खरमरीत लिहिणं पुष्कळांना जमतं. त्यानंतर राग विसरून कविता नीट वाचणं फार थोड्यांना जमतं.

सगळ्यांत मोठं भांडण ‘हाय’वरून झालं. ह्यांचं म्हणणं, बोलीतले शब्द अवतरणचिन्हांत घालावेत, म्हणजे वाचकाला कळेल की ही मुद्रणाची चूक नाही. तू पोह्यांची बशी बाजूला सारलीस आणि म्हणालीस, “सर, अवतरणचिन्हांत घातलं की ते माणूस पाहुणं होतं. पाभर त्याची, पान त्याचं, आणि त्यालाच पाहुणा करायचं?” हे उठले, पेन आणलं आणि स्वतःची ओळ स्वतःच खोडली. मी लग्नानंतर इतक्या वर्षांत ह्यांना व्याकरणात हार मानताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रात्री मला म्हणाले, “ती बरोबर आहे आणि मला ते आवडलेलं नाही.” जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हाही फोनवर फोन यायचे, कुणी म्हणे हेच लिहा, कुणी म्हणे तेच. तुम्ही दोघांनी मिळून एका ओळीत मिटवलंत की गोष्टीतलं माणूस गावाला ज्या नावाने हाक मारतं ते नाव राहील. त्या ओळीवर भांडण झालं नाही. एव्हाना तुम्ही एकमेकांसारखे झाला होतात.

मग मालनबाई आल्या. सोनईकडच्या एका तरुण प्राध्यापकाने, सुनीलने, आपल्या आत्याविषयी लेख लिहिला होता. नवरा गेला तेव्हा आत्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, उभा जन्म कोरड्या संसारात गेला, असा काहीसा लेख. भाषा सुरेख होती. नगरला त्यावर चर्चा झाली, लोकांनी पत्रं पाठवली. आणि एका सकाळी इरकल नेसलेल्या, चांगल्या उंचपुऱ्या, घरची बरी शेती असलेल्या बाई आमचा दुसरा मजला चढून आल्या. हातात अंक. तू टेबलाशीच होतीस. एका लग्नात कुणीतरी तो लेख मोठ्याने वाचून दाखवला होता, त्यांच्यासमोर. ह्यांनी नम्रपणे सांगून पाहिलं की लेखात नाव बदललेलं आहे. बाई म्हणाल्या, “नाव बदललं व्हय. पर हीर आमचीच हाय, चिच आमचीच हाय, आन् मेला तो नवराबी माझाच हाय. गावात कुनाला कळलं न्हाई ते सांगा.” मग खुर्चीवर टेकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी रडले न्हाई असं लिवलंय. मी उसात जाऊन रडले. घरात सासू हुती. तिचा ल्योक गेल्ता. तिच्याम्होरं मी कशी रडू? त्या पोरानं इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

मी पाणी आणून दिलं. तू ना समर्थन केलंस, ना ‘साहित्यात असं चालतं’ म्हणालीस. तू फक्त विचारलंस, “आता काय करू, आत्या?” त्या म्हणाल्या, “आता काय न्हाई. छापलेलं पुसतंय व्हय? म्होरच्याला इचारत जा.” पाणी पिऊन त्या निघाल्या. जिन्यापर्यंत तू त्यांच्याबरोबर गेलीस आणि मग एसटी स्टँडपर्यंत गेलीस. पुढच्या अंकात मालनबाईंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत आलं. ते तू स्वतः सोनईला जाऊन लिहून घेतलं होतंस आणि त्यांना वाचून दाखवलं होतंस.

त्यानंतर जो नियम आला त्याला हे शेवटपर्यंत विरोध करत होते. आठवतंय ना? “उद्या लेखक सह्या गोळा करत हिंडतील. साहित्य मरेल. वाईट माणसावर लिहायचं तर त्याच्याकडूनही सही आणायची का?” तू म्हणालीस, “वाईट माणसांचं बघू पुढे. घरच्या माणसांचं आधी बघू. ती उलट लिहू शकत नाहीत, सर.” त्यावर हे चिडून आत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले ते तुझा कागद हातात घेऊनच. म्हणाले, “नियम मला मान्य नाही. पण करणारच असाल तर पळवाट ठेवू नका.” आणि तुझ्या वाक्यात ह्यांनी एक शब्द घातला. तू लिहिलं होतंस, घरच्या हयात माणसाविषयी लिहिलं असल्यास ते त्याला वाचून दाखवावं आणि त्याची लेखी संमती जोडावी. ह्यांनी ‘त्याची’पुढे ‘स्वतःची’ घातलं. म्हणाले, नाहीतर बापाच्या वतीने मुलगा आणि बायकोच्या वतीने नवरा सही करून मोकळा होईल.

आता आमच्या अर्णवकडे येते. अर्णव आणि मराठी यांचं काय झालं ते तू जवळून पाहिलं आहेस. सहलीहून त्याने पाठवलेलं पत्र ह्यांनी लाल पेनाने तपासून त्याच्या टेबलावर ठेवलं होतं, प्रेमानेच. पोरगं तेव्हापासून लिहायचं बंद झालं. मोठा झाला, पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला, तिथून मला निरोप पाठवायचा तोही इंग्रजीत. बाप-लेकांत वाद कधी झाला नाही, फक्त वाक्यं लहान होत गेली. ह्यांच्या आजारपणानंतर तो महिन्यातले निम्मे दिवस इथे राहून काम करायला लागला. ह्यांची अंघोळ तोच घालतो. पहिल्या दिवशी दोघंही संकोचाने मेल्यासारखे झाले होते. मी बाहेर उभी होते. आणि मग मला आतून आवाज आला, अर्णवचा. तो बोलत होता. ऑफिसातल्या कुणाची तरी गंमत सांगत होता, सलग, मराठीत, अडखळत आणि चुकत. पुढे शब्द आल्यावर मधून ह्यांचं ‘बरोबर’ही यायला लागलं. त्या पहिल्या दिवसापासून हे बोलणं रोजचं झालं. मी न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहते, गरज नसताना.

तो हे सगळं लिहीत होता, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मोबाईलवर, रोज थोडं. नाव वेगळ्या कागदावर, म्हणजे वेगळ्या फाईलमध्ये, नियमाप्रमाणे, आणि तेही खोटं नाव घेऊन त्याने तो लेख तुला पाठवला. तू पहिल्या पानावरच ओळखलं असशील. ओळखीचा एक शब्दही न काढता तू त्याला उत्तर पाठवलंस की लेख स्वीकारला आहे, सूचनांमधला शेवटचा नियम पाहावा आणि त्याप्रमाणे संमती पाठवावी. अर्णव तो मेल घेऊन स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. लेख लिहिल्याचं मला तेव्हाच कळलं, आणि मला आनंद करायलाही त्याने सवड दिली नाही. “आई, मावशीला बाबांची अवस्था माहीत आहे ना? कुणाची संमती मागतेय ती? बाबा कशालाही बरोबरच म्हणणार. तू दे लिहून, त्यांच्या वतीने.” खरं सांगते, मलाही तुझा राग आला. वाटलं, नियम झाला म्हणून काय घरच्या माणसाला लावायचा? मी पेन घेऊन बसलेही. पण ‘स्वतःची’ हा शब्द कुणी घातला होता ते मला आठवलं, आणि पेन पुढे सरकेना.

मग मी अर्णवकडून लेख कागदावर छापून घेतला, मोठ्या अक्षरात, आणि आधी एकटीने वाचला. निवेदिता, तो माझा मुलगा आहे म्हणून नाही सांगत. अंगाला साबण लावताना बापाच्या पाठीवर त्याला जुनी भाजल्याची खूण दिसते आणि ती कशाची हे त्याने कधीच विचारलेलं नसतं, ते मी वाचलं आणि कागद बाजूला ठेवून अंगणात जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं हे पोरगं सगळं बघत होतं. पण त्याच लेखात एक ओळ होती. तुला माहीत आहे कुठली. ‘बाबांचा आवाज गेला आणि मला माझी मराठी परत मिळाली.’ ती मी दोनदा वाचली. खोटी आहे असं मला म्हणता येईना. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला ती वाचून दाखवायची म्हणजे काय? मी पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडली. वाटलं, अर्णवला समजावून सांगेन.

दुपारी जेवणानंतर हे जरा ताजेतवाने असतात. मी शेजारी स्टूल घेऊन बसले आणि सांगितलं, अर्णवने तुमच्यावर लिहिलंय, निवेदिताला छापायचंय, तुमची परवानगी लागते. वाचू का? “बरोबर,” म्हणाले. या होकाराला काय अर्थ, असं मनात म्हणत मी वाचायला लागले. एका दुपारी दोन-तीन पानं, त्याहून जास्त नाही, कारण मग त्यांची मान कलते. अंघोळीचा भाग आला तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पण त्यांच्या घशातून आवाज आला म्हणून बघितलं तर ते हसत होते. अर्णवने लिहिलंय ना, की साबण हातातून सुटला आणि बाबा चक्क शाळेतल्यासारखं रागावून ‘बरोबर!’ म्हणाले, तिथे. एरवी आलेल्या-गेलेल्याला दाखवायला ते अर्धं हसतात. हे तसं नव्हतं, खांदे हलत होते. मला दोनदा वाचायला लावलं.

शेवटची पानं घेतली त्या दुपारी अर्णव घरी होता, दाराशी उभा राहून ऐकत होता. मी त्या ओळीपाशी आले आणि ती सोडून पुढे गेले. ह्यांनी डावा हात कागदावर ठेवला. वाचता त्यांना फारसं येत नाही आता, अक्षरं ओळखीची वाटतात पण जुळत नाहीत असं डॉक्टरबाई म्हणतात. पण खोडलेली ओळ त्यांना दिसली. खोडलेलं ओळखायला त्यांना वाचता येण्याची गरज नव्हती. बोटाने त्या ओळीवर टकटक केलं आणि माझ्याकडे बघत राहिले, काय आहे ते वाच म्हणून. मी म्हटलं, काही नाही, ते राहू दे. पुन्हा टकटक. मग मी वाचली. अर्णव दारातून हलला नाही की त्याने तोंडही फिरवलं नाही. ह्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, डाव्या हातात, मुठीत धरतात तशी, आणि कागदावर टेकवली. एक टिंब. मग शेजारी दुसरं. मला वाटलं हात थरथरतोय, मी आधार द्यायला गेले तर त्यांनी कोपराने मला ढकललं. टिंबामागे टिंब, वेडंवाकडं, पण त्या खोडलेल्या ओळीच्या बरोबर खाली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ओळीच्या मध्यावर आले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या टेबलावर मी ही खूण किती वेळा पाहिली होती. प्रुफात चुकून काही खोडलं गेलं की तुम्ही त्याखाली टिंबं द्यायचात, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याला कळावं की हे खोडायचं नाही, होतं तसं ठेवायचं. मी विचारलं, “ठेवायचं?” तो शब्द आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी ‘बरोबर’ म्हटलं नाही. फक्त अर्णवकडे बघितलं. अर्णव खाली बसला, त्यांच्या गुडघ्याशी.

पुढे त्यांनी सगळे कागद एकामागून एक पुढ्यात मागितले. एका पानावर ‘पाठीवरुन’मधल्या ‘रु’ला गोल केला. हा दीर्घ हवा. तुला हसू येईल, मलाही आलं. वाचता येत नाही म्हणतात, आणि ही चूक त्यांच्या डोळ्यांनी कुठून टिपली देव जाणे. अर्णव हसत हसत रडला आणि म्हणाला, “बाबा, तेवढं सोडायचं की.” ते सोडणार नव्हते. मग पहिलं पान घेतलं. अर्णवने लेखात त्यांचं नाव बदललं आहे, माधवराव केलं आहे. त्या नावावर त्यांनी रेघ मारली. आणि त्यावर लिहायला सुरुवात केली. फार वेळ लागला. ‘नृ’ झाल्यावर थांबले, मला वाटलं संपलं, दमले. पण ‘सिं’ आलं, आणि मग कागदाच्या कडेला जेमतेम मावेल असा ‘ह’. आजारी पडल्यापासून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलेलं नव्हतं, मी त्यांना लिहून बघा असं कधी म्हटलंही नव्हतं.

तर निवेदिता, हे पत्र म्हणजे तू मागितलेली ती लेखी संमती आहे. नियमात बसणारी वाक्यं लिहिते: अर्णवने लिहिलेला लेख मी ह्यांना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवला. ह्यांनी तो ऐकला, एक शब्द दुरुस्त केला, मी खोडलेली ओळ परत घेतली, आणि तो आपल्या खऱ्या नावाने छापावा म्हणून ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. ती पानं सोबत जोडली आहेत. माझा राग गेला, हे निराळं सांगायला नको. गेल्या महिन्यात ह्यांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं होतं. टेबलापलीकडच्या मुलाने ह्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि मला म्हणाला, “ह्यांचा अंगठा इथे घ्या.” डॉक्टर मला विचारतात, नातेवाईक मला विचारतात, मी स्वतः कितीतरी गोष्टी ह्यांना न विचारता ठरवून टाकल्या आहेत, मायेनेच. सगळ्यांना वाटलं, या माणसाला आता विचारण्यासारखं काही उरलं नाही. तू भिंगारला बसून, एका ओळीच्या मेलमधून, त्यांना विचारलंस. आणि त्यांनी उत्तर दिलं. लेख छाप.

तुझीच,
यामिनी